"तुम्ही फर्स्ट नेशन्स, इन्युइट किंवा मेटी आहात का?" : नोंदणीच्या खिडकीतला एक प्रश्न

रेवा_विनिपेग | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगमधल्या एका रुग्णालयात इमर्जन्सीच्या नोंदणीच्या खिडकीत मी काम करते. सहा वर्षं झाली. येईल त्याला नाव, जन्मतारीख, हेल्थ कार्ड, पत्ता, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा एवढं विचारायचं, मनगटाला पट्टी बांधायची आणि पुढच्याला बोलवायचं. २०२३ मध्ये मॅनिटोबाने रुग्णालयांत यात आणखी एका प्रश्नाची भर घातली. तुम्ही स्वतःला कोणत्या वंशाचे मानता, आणि तुम्ही फर्स्ट नेशन्स, इन्युइट किंवा मेटी आहात का? (कॅनडाच्या मूळ रहिवाशांचे हे तीन गट. मेटी म्हणजे मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशातून घडलेला समाज.) प्रांतभरच्या रुग्णालयांत हे विचारणारा कॅनडातला हा पहिला प्रांत. उत्तर द्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं. "सांगायचं नाही" हेही उत्तरच आहे, आणि ते दिलं म्हणून उपचारात फरक पडत नाही.

पहिले काही महिने मला हा प्रश्न जमला नाही. गोरी बाई समोर आली की मी तो गाळायचे आणि स्वतःच "नाही"वर टिचकी मारायचे. लांब वेणी घातलेला माणूस आला की आवाज खाली आणून विचारायचे, जणू काही लाजिरवाणं विचारते आहे.

एका आजींनी ते थांबवलं. निळे डोळे, पांढरेशुभ्र केस. मी "नाही" भरलं तेव्हा स्क्रीन थोडा त्यांच्याकडे वळलेला होता. त्या म्हणाल्या, "मी मेटी आहे. माझ्या आजीने जन्मभर ते लपवलं. तू विचारलं असतंस तर आज मी पहिल्यांदा एखाद्या सरकारी कागदावर ते सांगितलं असतं." मी माफी मागितली, नोंद बदलली. घरी येऊन रात्री बराच वेळ जागी होते.

इथे आरोग्यक्षेत्रातले बरेच जण आहेत, परदेशातलेही. तुमच्याकडे हे कसं विचारतात? आपल्या मराठी माणसांनाही हा प्रश्न येतो, त्यांचे काय गोंधळ होतात तेही लिहा.

शंतनू_के | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. डॉक्टरपुढे सगळे सारखे असले पाहिजेत ना? मग विचारायचंच कशाला? छातीत दुखणाऱ्या माणसाला त्याचा वंश विचारणं मला तरी चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे दाखल्यावर जात लिहिण्यावरून इतकी वर्षं वाद चालले आहेत. जी ओळख पुसली जावी असं आपण म्हणतो, तीच पुन्हा रुग्णालयाच्या खिडकीत आणून ठेवायची?

मेघना७७ | ११ ऑक्टोबर, रात्री १०:३२

रेवा, धाग्याबद्दल धन्यवाद. गोंधळाचं विचारलंस म्हणून सांगते. सासरे इकडे आले असताना त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. कोणीतरी समजावून सांगताना "नेटिव्ह" हा शब्द वापरला. आपण घरात "तुमचं नेटिव्ह कुठलं?" असं सर्रास विचारतो, त्यामुळे सासरे लगेच म्हणाले, "हो, हो, नेटिव्ह सातारा." मी वेळीच सांगितलं म्हणून नोंद वाचली. "इंडियन" शब्दाचं तर विचारूच नका. इथल्या मूळ लोकांसाठीच्या १८७६ च्या कायद्याचं नाव आजही इंडियन ॲक्टच आहे. नवीन आलेल्या माणसाने तो शब्द वाचून खूण केली तर त्याचा काय दोष?

रेवा_विनिपेग | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०५

मेघना, म्हणूनच आता प्रश्नात "नेटिव्ह" किंवा "इंडियन" नसतं. फर्स्ट नेशन्स, इन्युइट, मेटी अशी तीन नावंच घ्यायची. आपल्यासाठी पुढच्या यादीत "साउथ एशियन" आहे. माझ्याकडे एक गुजराती आजोबा आले होते, ते म्हणाले आम्ही आमच्या गावचे मूळ लोकच. मी सांगितलं, "आजोबा, हा प्रश्न या भूमीच्या मूळ लोकांबद्दल आहे." त्यांना लगेच कळलं.

शंतनू, तुमच्या शंकेला उत्तर म्हणून एकाच माणसाबद्दल लिहिते. माझ्या शहरातली गोष्ट आहे आणि सगळी चौकशीत नोंदलेली आहे.

ब्रायन सिंक्लेअर. फर्स्ट नेशन्स समाजातले, वय ४५, दोन्ही पाय गेलेले, व्हीलचेअरवर. सप्टेंबर २००८ मध्ये एका क्लिनिकने त्यांना हेल्थ सायन्सेस सेंटरच्या इमर्जन्सीत पाठवलं. लघवीसाठी बसवलेली नळी तुंबली होती. नळी बदलायची आणि अँटिबायोटिक द्यायचं, एवढंच काम. आल्यावर ते ट्रायाजच्या, म्हणजे कोणाला आधी तपासायचं हे ठरवणाऱ्या टेबलावरच्या, कर्मचाऱ्याशी बोलले, पण रुग्ण म्हणून त्यांची नोंदच झाली नाही. तिथेच प्रतीक्षागृहात ३४ तास ते खुर्चीत बसून होते. उलट्या झाल्या. शेजारी बसलेल्या लोकांनी कर्मचाऱ्यांना जाऊन सांगितलं. तरी कोणी आलं नाही. दारू उतरेपर्यंत बसला असेल, थंडीतून आसरा घ्यायला आला असेल, असं काही कर्मचाऱ्यांनी धरून चाललं होतं. शेवटी पाहिलं तेव्हा त्यांचा मृत्यू झालेला होता, आणि त्यालाही काही तास झाले होते.

त्यांना कोणीही त्यांचा वंश विचारला नव्हता. तरी त्यांच्याबद्दलचा निर्णय झालेला होता, चेहऱ्यावरून आणि कपड्यांवरून. तुम्ही म्हणता ती ओळख खिडकीत आम्ही आणून ठेवत नाही, ती तिथे आधीपासून असते. रुग्णाच्या पाठीमागे दुसरेच कोणीतरी ती ठरवत असतात. मला ती रुग्णाच्या तोंडून ऐकायची आहे.

मी त्याच प्रकारच्या खिडकीत बसते. "नोंदच झाली नाही" हे तीन शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत.

दक्षिणवारा | १२ ऑक्टोबर, पहाटे ४:५०

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात नर्स आहे, नाइट ड्यूटी संपवून लिहिते आहे.

आमच्याकडे हा प्रश्न जुना आहे आणि त्याचे शब्द देशभर ठरलेले आहेत: "तुम्ही ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट आयलंडर वंशाचे आहात का?" उत्तरं अशी: "नाही"; "हो, ॲबोरिजिनल"; "हो, टोरेस स्ट्रेट आयलंडर"; किंवा "हो, दोन्ही". २०१० मध्ये याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातला गाभा रेवाकडे आलेल्या त्या आजींनी सांगितला तोच आहे. प्रत्येकाला विचारायचं, आणि चेहरा, रंग, आडनाव किंवा पत्ता बघून कधीही भरायचं नाही. तरीही चुका होतातच. २०१३ च्या एका सरकारी तपासणीत सार्वजनिक रुग्णालयांत साधारण ८८ टक्के मूळ रहिवाशांची नोंद बरोबर निघाली. म्हणजे शंभरातली बारा माणसं कागदावरून गायब. गायब होणारे बहुतेक शहरातले, गोऱ्या कातडीचे, ज्यांना "बघून वाटत नाही" असे.

शंतनूंनी विचारलं, कशाला. एक साधं उदाहरण देते. इथल्या मूळ रहिवाशांना फ्लूची लस सहा महिन्यांच्या बाळापासून पुढे सगळ्या वयांत मोफत आहे, कारण त्यांच्यात फ्लूमुळे गंभीर आजारी पडण्याचं प्रमाण जास्त आहे. वर्षाची खास आरोग्य तपासणी आहे, तिला सगळे "सेव्हन वन फाइव्ह" म्हणतात, कारण मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याच्या यादीत तिचा क्रमांक ७१५. काही औषधांचे पैसे कमी लागतात. मी विचारलं नाही तर माझ्यासमोर बसलेल्या तीस वर्षांच्या बाईला यातलं काहीच मिळत नाही, आणि आपल्याला काही मिळायचं होतं हे तिला कळतही नाही.

आणखी एक. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत एक कलम होतं की देशाची लोकसंख्या मोजताना "ॲबोरिजिनल नेटिव्ह" धरायचे नाहीत. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी ते काढायला कौल दिला. माझ्या वॉर्डातल्या कितीतरी आजीआजोबांचा जन्म त्याआधीचा. ज्यांना देशाने मोजलंच नाही, त्यांना मी खिडकीत "तुम्ही कोण?" विचारते. म्हणून हा प्रश्न घाईत, मान खाली घालून विचारणं मला पटत नाही.

गोदाकाठ | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

मी मॅनिटोबातच समाजकार्यकर्ती आहे, बाळंतिणींबरोबर काम करते. प्रश्न चांगला आहे, पण "नाही" किंवा "सांगायचं नाही" म्हणणाऱ्या बायांबद्दल इथे कोणी बोललेलं नाही.

इथल्या रुग्णालयांत "बर्थ अलर्ट" नावाची पद्धत होती. गरोदर बाईबद्दल बालकल्याण यंत्रणा रुग्णालयाला आधीच कळवून ठेवायची, बाळ झालं की आम्हाला सांगा. बाईला हे माहीतही नसायचं. बाळ जन्मल्यावर काही तासांत, काही दिवसांत काढून घेतलं जायचं. यात फर्स्ट नेशन्सच्या बाया फार मोठ्या संख्येने होत्या. मॅनिटोबात ही पद्धत १ जुलै २०२० ला बंद झाली. म्हणजे आज ज्या बाईला तुम्ही हा प्रश्न विचारता, तिच्या बहिणीचं किंवा तिचंच पहिलं बाळ असं गेलेलं असू शकतं. तिला "यामुळे उपचारात फरक पडणार नाही" हे वाक्य कसं ऐकू जात असेल?

मागे गेलं तर आणखी आहे. क्षयाच्या रुग्णांसाठी वेगळी "इंडियन हॉस्पिटल्स" होती. मॅनिटोबात ब्रँडन, क्लिअरवॉटर लेक, डायनेव्हर इथे. मुलं तिथे वर्षानुवर्षं घरापासून दूर राहायची, काही परत आलीच नाहीत, आणि कुठे पुरलं हे घरच्यांना कळलं नाही. १९४० च्या दशकात उत्तर मॅनिटोबातल्या उपाशी वस्त्यांवर आणि नंतर निवासी शाळांतल्या (मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून जिथे ठेवत त्या शाळा) मुलांवर सरकारी पोषणप्रयोग झाले, कोणाची परवानगी न घेता. तेव्हाही त्यांची "माहिती गोळा" केली जात होतीच.

माझ्या ओळखीतल्या एका बाईने मला सांगितलं, "मी हो म्हणते तेव्हा मला समोरच्याचा चेहरा वाचावा लागतो." दर वेळी, कळा सुरू असतानाही.

म्हणून माझं म्हणणं, "सांगायचं नाही"चा आकडाही तितक्याच काळजीने ठेवा. एखाद्या रुग्णालयात तो वाढत असेल तर त्याचा अर्थ लोक बेफिकीर आहेत असा नाही. तिथे त्यांना भीती वाटते आहे.

निशिगंध | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

गोदाकाठ, वाचून गप्प झाले.

एक प्रश्न मात्र छळतो. जॉयस एशाक्वान या अटिकामेक (फर्स्ट नेशन्सपैकी एक समाज) बाईला कोणी ओळख विचारायची गरजच नव्हती. क्वेबेकमधल्या जोलिएटच्या रुग्णालयात २८ सप्टेंबर २०२० ला तिचा मृत्यू झाला. वय ३७, सात मुलांची आई. मृत्यूच्या थोडं आधी तिने फोनवरून थेट प्रक्षेपण केलं, त्यात कर्मचारी तिला काय काय बोलत होते ते जगाने ऐकलं. नंतरच्या चौकशीत मृत्यूची कारणं तपासणाऱ्या कोरोनरने स्पष्ट सांगितलं की वंशद्वेषाचा या मृत्यूत वाटा होता. तिथल्या लोकांना ती कोण हे नीट माहीत होतं. मग रकाना भरून काय होणार?

रेवा_विनिपेग | १२ ऑक्टोबर, दुपारी १:३०

निशिगंध, रकान्याने कोणाच्या मनातली तुच्छता जात नाही. मी तो दावा करणार नाही. पण जॉयसकडे फोन होता म्हणून आपल्याला कळलं. ज्यांच्याकडे फोन नव्हता, जे चार तास बसून कंटाळून घरी गेले, त्यांचं काय? एकेकाची तक्रार "तुमचा गैरसमज झाला" म्हणून बाजूला ठेवता येते. २०२५ मध्ये आमच्या प्रांतात या नोंदींवरचा अहवाल आला. कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी रुग्णांना इमर्जन्सीत जास्त वेळ थांबावं लागतं, हे त्यात दिसलं. त्या समाजांतले लोक हे वर्षानुवर्षं सांगत होते. आता ते आमच्याच स्क्रीनवरच्या नोंदींतून निघालं आहे, त्यामुळे वरच्या साहेबांना "आमच्याकडे असं होत नाही" म्हणता येत नाही.

निवासी शाळांच्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये ९४ मागण्या मांडल्या. त्यातली १९ वी हीच, की आरोग्यातली दरी किती आहे ते मोजा आणि दरवर्षी लोकांपुढे ठेवा.

शंतनू_के | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६:००

सगळं वाचलं. सिंक्लेअर यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. "विचारूच नका" हे माझं म्हणणं मी मागे घेतो.

पण मी डेटाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसरी काळजी सांगतो. तीनशे लोकांच्या वस्तीतून वर्षभरात एक बाई विशिष्ट आजारासाठी आली, तर नाव काढून टाकलं तरी ती कोण हे गावाला कळतं. ही माहिती कोणाकडे राहणार? कोणीही संशोधक उठून "फर्स्ट नेशन्समध्ये व्यसनाचं प्रमाण" असा प्रबंध लिहिणार का? दरी मोजायची म्हणून गोळा केलेल्या आकड्यांतून त्या समाजालाच दोष देणारी मांडणी करणं फार सोपं असतं.

गोदाकाठ | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ७:४५

शंतनू, हीच भीती ओळखून १९९८ पासून इथे फर्स्ट नेशन्सनी स्वतःची तत्त्वं ठरवली आहेत. चार इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना "ओकॅप" म्हणतात. आमच्याबद्दलच्या माहितीवर मालकी आमची, नियंत्रण आमचं, ती बघायचा हक्क आमचा, आणि ती आमच्या ताब्यात. राष्ट्रीय पातळीवरची आरोग्य माहिती संस्था २०२२ पासून हेच सांगते आहे: मूळ रहिवाशांची ओळख विचारायला सुरुवात करण्याआधी त्या समाजांशी बोला, माहितीचा कारभार कसा चालेल ते त्यांच्याबरोबर ठरवा. रुग्णालयं हे किती मनापासून करतात, यावर सगळं आहे.

कागद दाखवायचा मुद्दाही राहिला. ही स्व-ओळख आहे, स्टेटस कार्ड (इंडियन ॲक्टखाली सरकारदरबारी नोंद असल्याचं ओळखपत्र) मागायचं नाही. कारण कार्डाचा इतिहास वाईट आहे. १९८५ पर्यंत स्टेटस असलेल्या बाईने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं की तिचं स्टेटस जायचं, आणि मुलांचंही. पुरुषाचं जात नसे. मेटींना तर ते कार्डच नसतं. औषधं, चष्मा, दात, प्रवासखर्च देणारी जी केंद्राची योजना आहे, ती फर्स्ट नेशन्स आणि इन्युइटांपुरतीच आहे, मेटी त्यात नाहीत. म्हणून "हो" म्हणणाऱ्याला लगेच "कार्ड आहे का?" विचारलं की तो गप्प होतो. योजनेसाठी ओळख क्रमांक लागतो, तो प्रश्न नंतर, वेगळा.

सातपुडा_डॉक | १२ ऑक्टोबर, रात्री ११:२०

नंदुरबार जिल्ह्यात सरकारी नोकरीत होतो, आता निवृत्त. आपल्याकडे कागदाशिवाय काही चालत नाही. जातीचा दाखला, मग पडताळणी. त्यामुळे "रुग्ण सांगेल ते लिहायचं" ही कल्पनाच आमच्या पिढीला नवीन. ओपीडीच्या रजिस्टरात प्रवर्गाचा रकाना असायचा. तो आडनाव बघून कारकून भरायचा, वळवी, पाडवी, पावरा. मीही कधी हरकत घेतली नाही.

त्याचा तोटा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात दिसतो. हा आदिवासींचा आजार अशी समजूत करून चेहरा-आडनाव बघून तपासणी केली, की विदर्भातल्या दलित समाजातली मुलं सुटतात. त्यांच्यातही तो खूप आहे. सांधे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या घेतलेली पोरं मी पाहिली आहेत, सिकलसेल ओळखणारी रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणीसुद्धा झालेली नव्हती.

ओळख विचारायची तर ऐकायचीही तयारी हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च"ने दवाखाना बांधायच्या आधी लोकांना विचारलं, दवाखाना कसा हवा. त्यातून गोंड गावासारखी झोपडीवजा रचना झाली, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायची सोय झाली, आणि लोकांनी आपल्या देवीचं नाव सुचवलं म्हणून तो "मां दंतेश्वरी दवाखाना" झाला. तुमच्याकडे "हो" म्हटल्यावर पुढे काय होतं, रेवाताई? मला त्यात जास्त रस आहे.

मेघना७७ | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

डॉक, प्रतिसाद फार आवडला.

अवांतर: या सगळ्यांना मराठीत काय म्हणायचं? मुलाला सांगताना मी "आदिवासी" म्हणते, पण कधीकधी वाटतं आपल्याकडच्या अर्थाची सगळी ओझी त्या शब्दाबरोबर जातात. "मूलनिवासी" म्हटलं तर त्यालाही इथलं राजकारण चिकटलेलं आहे.

दक्षिणवारा | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मेघना, मी माणूस स्वतःचं जे नाव सांगतो तेच घेते. इथे अरंटे, योल्ङू, तिवी. तिकडे क्री, अनिशिनाबे, डेने. "महाराष्ट्रातले" म्हणण्यापेक्षा "वारली", "माडिया" म्हटलं की माणूस जवळ येतो, तसंच.

रेवा_विनिपेग | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

डॉक्टरसाहेब, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते. पुष्कळदा पुढे काहीच होत नाही. नोंद आकडेवारीत जाते, बस. हे मला बोचतं. पण होऊ शकतं असं बरंच आहे. विनिपेगमध्ये मूळ रहिवासी रुग्णांसाठी वेगळी सेवा आहे, क्री, ओजिब्वे आणि ओजी-क्री बोलणारे दुभाषे आहेत. उत्तरेच्या दुर्गम वस्त्यांतून आणि नुनावुट या अतिउत्तरेच्या इन्युइट प्रदेशातूनही लोक विमानाने आमच्या शहरात उपचाराला येतात, एकटे, कधी आठवडेच्या आठवडे. सेज ही सुगंधी वनस्पती जाळून धूर घेण्याचा त्यांचा विधी करायची सोय आता रुग्णालयांत असते. ही माणसं आहेत, सोय आहे, पण ते रुग्णाला सांगायला खिडकीत कोणाला सुचत नाही. रात्री तर नाहीच.

मागच्या आठवड्यात एक आजोबा आले, सोबत नात. मी विचारलं, ते म्हणाले क्री. मी विचारलं, दुभाष्या हवा का? नात म्हणाली, "नको, मी आहे ना." आजोबांनी तिचा हात दाबला आणि म्हणाले, "हवा. हिच्यासमोर मला सगळं सांगायचं नाही." त्यांना लघवीचा त्रास होता. दुभाष्या येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत मी तीनदा उठून त्यांच्या खुर्चीपाशी जाऊन आले. का, ते तुम्हाला कळलं असेल.

आता मी प्रत्येकाला एकाच आवाजात हे म्हणते: "पुढचा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. उत्तर द्यायचं नसेल तर नाही म्हणा, उपचार तेच राहतील. तुम्ही फर्स्ट नेशन्स, इन्युइट किंवा मेटी आहात का?" आणि मग स्क्रीनवरून नजर काढून त्यांच्याकडे बघते.

निशिगंध | १४ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

रेवा, मीही पुढच्या महिन्यात नोंदणीच्या कामावर रुजू होते आहे, दुसऱ्या प्रांतात. तुझं वाक्य तसंच वापरलं तर चालेल का?

रेवा_विनिपेग | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

जरूर वापर. "नाही म्हणा" हा भाग प्रश्नाच्या आधी ठेव, शेवटी पुटपुटू नकोस. आणि लोक रांगेत मागे उभे असतात, तर काचेजवळ वाकून, हळू बोल. मला शिफ्टला निघायचं आहे, बाकीचं रात्री लिहिते.